छपराखालची बाई आणि नातीचं नाव

पत्र

नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. सून तिथलीच, चिनी घरातली. गेल्या आठवड्यात त्यांना मुलगी झाली. आम्ही महिन्याभराने तिकडे जाणार, तेव्हा बारसं करायचं आहे. मराठी नाव आम्ही सुचवायचं आणि चिनी नाव विहीणबाईंनी, असं ठरलंय. त्यांनी 'आन' सुचवलं. शांती, सुखरूपपणा असा अर्थ सांगितला आणि मला तो आवडलाही. पण माझ्या भाच्याने मोबाइलवर ते अक्षर काढून दाखवलं: वर छप्पर, खाली बाई. म्हणजे बाई घरात बसली की शांतता! तेव्हापासून मनातून जात नाही. मला दहावीनंतर पुढे शिकायचं होतं, घरच्यांनी लग्न लावून दिलं. पंचेचाळीस वर्षं ओटा आणि उंबरा. नातीच्या नावातही तेच लिहायचं का? विहीणबाई फार सालस आहेत, त्यांना दुखवायचं नाही. मुलगा म्हणतो, "आई, तू फार विचार करतेस." नाव बदलायला सांगू का?
एक आजी, नाशिक

उत्तर

नमस्कार ताई,

नातीच्या जन्माबद्दल दोन्ही घरांचं मनापासून अभिनंदन. मुलाला माझा निरोप द्या: नाव जन्मभर सोबत राहणार, त्याचा विचार करायलाच हवा. तो आजीने नाही करायचा तर कोणी करायचा?

भाच्याने दाखवलं ते खोटं नाही. 'आन' हे अक्षर सहा रेघांचं. पहिल्या तीन छपराच्या: वर मधोमध एक टिंब, डावीकडे एक छोटा थेंब, मग एक आडवी रेघ, उजव्या टोकाला किंचित खाली वळलेली. उरलेल्या तीन बाईच्या: एक मोडलेली रेघ, तिला छेदणारी एक तिरपी, आणि दोघींच्या अंगावरून जाणारी एक आडवी. मी पुण्यात बरीच वर्षं चिनी शिकवते. पहिल्याच महिन्यात हे अक्षर फळ्यावर येतं, आणि छप्पर-बाईचा खुलासा केला की वर्गातल्या दोघी-तिघी मुलींच्या कपाळावर आठी पडते. तुमच्या पत्रात मला तीच आठी दिसली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छप्पर आणि बाई हा खुलासा जुना आहे. शू शन नावाच्या पंडिताने इ.स. १०० मध्ये चिनी अक्षरांचा मोठा कोश पुरा केला. त्यात 'आन'चा अर्थ त्याने 'निवांत, स्तब्ध' असा दिला आणि पुढे लिहिलं, 'छपराखाली असलेल्या बाईवरून'. एवढंच. बाई घरात राहिली म्हणजे शांतता, असं त्याने म्हटलेलं नाही. ते पुढच्यांनी जोडलं. (पुढे १२१ मध्ये हा कोश ज्या सम्राटाला सादर झाला, तो इतिहासात 'आन' याच अक्षराने ओळखला जातो. पुरुषाच्या नावाला ते तेव्हाही चालत होतं.)

शू शनलाही जे पाहायला मिळालं नाही ते आपल्याला मिळालं आहे. १८९९ मध्ये बीजिंगमधल्या वांग यी-रोंग या विद्वानाच्या लक्षात आलं, की औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर अक्षरं कोरलेली आहेत. ती कासवांची कवचं होती आणि बैलांच्या खांद्यांची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीचे राजे प्रश्न विचारून हाड तापवायचे, पडलेल्या तड्यावरून कौल घ्यायचे, आणि तो प्रश्न हाडावर कोरून ठेवायचे. आपल्याकडे देवाला कौल लावतात त्याच्याशी हे फार जवळचं आहे. ही हाडं कुठून येतात याचा माग काढत लोक पोचले ते हनान प्रांतातल्या एका गावाशी, आणि १९२८ पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झालं. त्या ठिकाणचं नाव आनयांग. तुमच्या नातीसाठी सुचवलेलंच अक्षर.

या हाडांवरचं 'आन' बघा. दोन उतरत्या रेघा, तंबूसारख्या. त्यांच्या आत एक आकृती, पाय दुमडून टाचांवर टेकलेली, हात पुढे. आपण वज्रासनात बसतो तशी. आजच्या नजरेला वाटतं, गुडघे टेकवलेत, म्हणजे शरण आली. पण तेव्हा खुर्च्या नव्हत्या. जमिनीवर असंच बसायचं, पुरुषांनी सुद्धा. पुरुष दाखवणाऱ्या आकृत्यांतही असेच दुमडलेले पाय आहेत. 'आन'च्या काही जुन्या रूपांत बसलेल्या आकृतीच्या खाली आणखी एक बारीकशी रेघ असते. काही अभ्यासक ती बसायची चटई मानतात. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. वर छप्पर, खाली चटई, आणि टेकलेली बाई. पंचेचाळीस वर्षं ओट्यापाशी उभं राहिल्यावर असं टेकायला किती वेळा मिळालं, ते तुम्हीच सांगा.

तरी तुमची शंका एवढ्याने मिटावी अशी माझी अपेक्षा नाही, कारण तो काळ बायकांना मानाने वागवणारा होता असं मी म्हणू शकत नाही. त्याच हाडांवरची एक नोंद सांगते. वू डिंग राजाची राणी फू हाव गरोदर होती. कौल लावला: बाळंतपण चांगलं होईल का? राजाने तडा वाचून शुभ दिवस कोणते ते सांगितलं. पुढे कोरलंय की एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली, आणि मग चारच अक्षरांचा निकाल: चांगलं नाही, मुलगी. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीचं हाड, आणि प्रसूतिगृहाच्या दारात ऐकू येणारं तेच वाक्य. मी ते पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही.

आणि हीच फू हाव दुसऱ्या एका हाडावर तेरा हजारांची फौज घेऊन लढाईला निघालेली आहे. १९७६ मध्ये आनयांगला तिची कबर सापडली. चंग चनश्यांग या बाई त्या उत्खननाच्या प्रमुख होत्या. राजांच्या कबरी केव्हाच लुटल्या गेल्या होत्या. हिची मात्र जशीच्या तशी. आत तब्बल एकोणीसशेहून अधिक वस्तू: ब्राँझची शेकडो भांडी, जेडचे साडेसातशे नग, आणि सेनापतीच्या अधिकाराची खूण असलेल्या जड कुऱ्हाडी, तिचं नाव कोरलेल्या. तिच्या नावातला 'फू' हा शब्द त्या हाडांवर लिहिला जातो तो एका केरसुणीच्या चित्राने. नुसत्या चित्रावर जायचं तर ती झाडणारी बाई ठरली असती.

आपल्याकडचंच एक उदाहरण देते. यास्काने निरुक्तात 'दुहिता' या शब्दाची फोड दिली आहे: जिचं हित दूर राहण्यात ती, किंवा जी दोहन करते ती. यातली कुठलीही फोड मनात धरून आपण 'दुहिता' म्हणत नाही. ती फोड वाचून यास्काच्या काळी मुलीकडे कसं बघत होते ते कळतं, आणि ते कळावंच. पण आपल्या लेकीचं मोल त्यावरून ठरत नाही. चिनी माणूसही 'आन' लिहिताना छप्पर आणि बाई वेगळी वाचत नाही. त्याला दिसतो तो शब्द.

तो शब्द रोजचा आहे. रात्री झोपताना 'वान-आन', शुभ रात्री. सकाळी 'त्साव-आन'. कोणी प्रवासाला निघालं की 'यी-लू पिंग-आन', वाटेत सुखरूप राहा. आणि माझा सगळ्यांत लाडका प्रयोग म्हणजे 'पाव पिंग-आन'. परगावी गेलेल्या मुलाने पोचल्यावर घरी फोन करून 'पोचलो, बरा आहे' असं सांगणं, त्याला हा शब्द. मराठीत आपण त्याला खुशाली कळवणं म्हणतो. तुमचा मुलगा पहिल्यांदा सिंगापूरला उतरला तेव्हा त्याच्या ज्या फोनसाठी तुम्ही जाग्या राहिला असाल, तो फोन म्हणजे 'आन'. विहीणबाईंच्या कानाला नातीच्या नावात हे ऐकू येतंय.

हे नाव बाप्ये लावतात का, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. लावतात. अकराव्या शतकातला मोठा मुत्सद्दी वांग आन-श पुरुष होता. तैवानमध्ये १९५४ मध्ये जन्मलेले, हॉलिवूडमध्ये नाव काढलेले चित्रपट दिग्दर्शक ली आन, त्यांच्या नावात तर हे एकच अक्षर आहे. शांघायच्या नामवंत लेखिका वांग आन-यी यांच्याही नावात तेच. व्हिएतनाममध्ये 'आन' मुलाला ठेवतात, मुलीलाही.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते ली छिंगचावबद्दल. चिनी काव्यातली सर्वांत मोठी कवयित्री ती, यावर फारसा वाद नाही. जन्म १०८४. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव छिंगचाव. मोठेपणी तिने स्वतः स्वतःला एक नाव घेतलं: यी-आन. त्याचा आधार तिच्या सातशे वर्षं आधीच्या ताव युआनमिंग या कवीच्या एका ओळीत आहे. गुडघे मावतील एवढ्याशा जागेतही माणूस सहज निवांत होतो, असा त्या ओळीचा भाव. 'सहज निवांत' म्हणजे यी-आन. पुन्हा तेच गुडघे दुमडून टेकणं. पण ती ओळ लिहिणारा पुरुष होता, सरकारी नोकरी सोडून घरी परतलेला. आणि ती नावासाठी उचलणारी बाई होती, जिला लिहायला-वाचायला जागा हवी होती. ती आणि तिचा नवरा पुस्तकं आणि जुने शिलालेखांचे ठसे जमवत. संध्याकाळी जेवणानंतर चहा करायचा, आणि अमुक मजकूर कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत आहे ते ओळखायचं. जिंकेल त्याने चहा आधी प्यायचा. जिंकल्यावर हसता हसता चहा अंगावर सांडायचा. हे तिनेच लिहून ठेवलंय.

पुढे छप्पर राहिलं नाही. ११२७ मध्ये उत्तरेचं राज्य जुर्चेन टोळ्यांच्या हाती पडलं. पंधरा गाड्या पुस्तकं दक्षिणेला हलवली, उरलेली जळाली. ११२९ मध्ये नवरा गेला. जे वाचलं ते वाटेत लुटलं गेलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने दुसरं लग्न केलं. माणूस लबाड निघाला. तिने त्याच्यावर जाहीर आरोप केले. नवऱ्यावर आरोप करणाऱ्या बायकोला, आरोप खरा असला तरी, तेव्हाच्या कायद्याने कैद होती. ती नऊ दिवस कोठडीत राहिली आणि सुटून आली. फौज घेऊन लढणाऱ्या फू हावपेक्षा मला या नऊ दिवसांचं धाडस मोठं वाटतं. या सगळ्यांत 'यी-आन' हे नाव तिने टाकलं नाही. आजही तिच्या कवितांचा उल्लेख त्याच नावाने होतो.

तिच्याच गावी, जीनानला, ११४० मध्ये शिन छीजी जन्मला. हाही थोर कवी, आणि शिपाईगडी: विशीत असताना पन्नासेक घोडेस्वार घेऊन शत्रूच्या छावणीत घुसला आणि फितुराला बांधून घेऊन आला. त्याचं उपनाम होतं यो-आन. एक बाई, एक पुरुष, दोघांच्या नावात तेच अक्षर. चिनी लोक दोघांना मिळून 'जीनानचे दोन आन' म्हणतात. अक्षरात बाई आहे म्हणून त्या लढवय्याला नाव कमी वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट, ही तुम्ही नातीला मोठी झाल्यावर सांगा. जुन्या चिनीत 'आन'चा एक वेगळाच उपयोग होता: 'कसं', 'कुठून' असा प्रश्न विचारायला. म्हाताऱ्या वडिलांऐवजी पुरुषाच्या वेषात युद्धावर गेलेल्या मुलानचा पोवाडा ऐकला असेल, नातीला तो ऐकायला मिळेलच. त्याच्या अगदी शेवटी दोन सशांचा दाखला येतो. नर पाय झाडतो, मादी डोळे किलकिले करते. पण दोघं शेजारी शेजारी धावत सुटले, तर नर कोण, मादी कोण, कसं सांगणार? त्या 'कसं'च्या जागी 'आन' आहे.

जपानीत तर या अक्षराने निराळाच संसार थाटला. ते भराभर, वळणदार लिहिता लिहिता त्याचं एक साधं चिन्ह झालं, आणि ते चिन्ह आज जपानी हिरागाना लिपीतला 'अ' आहे, पहिलं अक्षर. त्या लिपीतल्या अक्षरांचा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसवला, म्हणून तोही 'अ'पासूनच सुरू होतो. पुरुष पंडित चिनी अक्षरांत लिहीत तेव्हा राजवाड्यातल्या बायकांनी या लिपीत रोजनिशा आणि कथा लिहिल्या, इतक्या की तिला 'बाईचा हात' असंच नाव होतं. छपराखालची ती बाई तिथे हातात कुंचला घेऊन बसली.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. केवळ चित्रासाठी नाव बदलायला सांगू नका, असं माझं मत आहे. नावाने मुलीला खरोखर इजा होते ती कशी, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. 'नकुशा' हे नाव आपल्याच महाराष्ट्रातलं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशांना समारंभाने नवी नावं दिली, तेव्हा त्या मुलींचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. चिनी घरांतही तशी नावं होती: 'चाव-दी' म्हणजे भावाला बोलाव, 'लाय-दी' म्हणजे भावा, ये. विहीणबाईंच्या पिढीत ती सर्रास आढळतात. हाक मारली की प्रत्येक वेळी तो अर्थ कानावर पडतो, मुलीला स्वतःला सुद्धा. 'आन' ऐकून कोणालाच 'घरात बस' ऐकू येत नाही.

विहीणबाईंशी मात्र जरूर बोला. सुरुवात छपरापासून करू नका, 'हेच नाव तुमच्या मनात का आलं?' इथून करा. कदाचित घरातल्या कोणाचं असेल, कदाचित बाळंतपणात सुनेला त्रास झाला असेल आणि आजीने मनात नवस बोलल्यासारखं हे अक्षर धरलं असेल. मग तुमचं सांगा, दहावीचं, ओट्याचं, उंबऱ्याचं, जसं मला लिहिलंत तसंच. यात दुखावण्यासारखं काही नाही. सालस माणसाला अशी गोष्ट ऐकून परकेपणा वाटत नाही. त्यांचीही एखादी गोष्ट असेल, आजवर कोणी विचारली नसेल. आणि एवढं बोलूनही मन मोकळं झालं नाही, तर तसं स्पष्ट सांगा. दोन आज्यांपैकी एकीने मन मारून ठेवलेलं नाव नकोच.

अक्षर कुठलं ते एकदा कागदावर लिहून घ्या. चिनीत एका उच्चाराची पुष्कळ अक्षरं असतात; 'आन' म्हणजे घोड्याचं खोगीरसुद्धा, आणि त्याही अक्षरात आपलं हे 'आन' उच्चारापुरतं बसलेलं असतं. शिवाय सिंगापूरच्या जुन्या घरांत आपापली बोली असते: मंडारिन आणि होक्कियनमध्ये 'आन', कँटोनीजमध्ये मात्र 'ऑन'. घरात कोण काय म्हणणार, ते आधीच विचारून ठेवा.

चिनी नावात बहुतेक वेळा दोन अक्षरं असतात. 'आन'ला जोडीला दुसरं काय घ्यायचं, हे दोघींनी मिळून ठरवलंत तर किती छान होईल. नमुन्यादाखल एक सांगते: 'छिंग', पाऊस उघडल्यानंतरचं स्वच्छ आकाश. मुलींच्या नावात खूप येतं, लिहिताना डावीकडे सूर्य असतो. आन-छिंग: खाली छप्पर आणि वर मोकळं आभाळ. निवड अर्थातच विहीणबाईंची. चिनी नावाचा मान त्यांचा आहे.

मराठी नावासाठी तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. 'क्षेमा' कसं वाटतं? 'क्षेमकुशल' मधलं क्षेम. अर्थ तंतोतंत 'आन'चा: सुखरूपपणा. बुद्धाच्या शिष्यांमध्ये क्षेमा नावाची भिक्षुणी तिच्या बुद्धीसाठी नावाजलेली होती, म्हणजे नाव विहीणबाईंनाही परकं वाटणार नाही. आणि गंमत बघा, 'क्षेम' शब्दाच्या मुळाशी 'क्षि' धातू आहे, राहणं, वस्ती करणं. म्हणजे आपल्या शब्दाच्याही पोटात घर आहेच. गीतेतला 'योगक्षेम' आठवा. जुन्या वेदभाषेत योग म्हणजे बैल जुंपून निघणं, क्षेम म्हणजे मुक्कामाला टेकणं. जी निघते तीच टेकते.

भेटीत बोलायला विषय हवा असेल तर ह्युएन त्संगचा काढा. शाळेत आपण सगळ्यांनी त्याचं नाव वाचलंय. तो ज्या नगरातून निघाला त्याचं नाव चांग-आन, दीर्घ शांती, आजचं शीआन. सातव्या शतकात तो आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीचं राज्य पाहिलं, इथली माणसं उपकाराला जागणारी आणि अपमान न विसरणारी आहेत असं लिहून ठेवलं, आणि ६४५ मध्ये चांग-आनला सुखरूप परतला. महाराष्ट्र आणि 'आन' यांची गाठ याआधी पडून गेली आहे.

आता बारशाच्या दिवसाचं. सिंगापूरच्या चिनी घरांत बाळाला महिना झाला की लाल रंगवलेली अंडी वाटतात; तुमचं बारसं त्याच सुमारास येतंय, तर पाळणा आणि अंडी एकाच दिवशी होऊ द्या. पाळण्यात घातल्यावर आत्या कानात नाव सांगेल, तिला आधी थोडी तालीम द्या. मराठीत 'ण' लावला तर 'आण' होते, शपथ. आणि चिनीत सूर घसरला तरी अर्थ बदलतो: वरून खाली झटक्यात उतरलेलं 'आन' म्हणजे अंधार. आपल्याला हवं ते 'आन' वरच्या पट्टीत, सपाट, एकाच उंचीवर धरून ठेवायचं, तंबोऱ्याची तार छेडल्यावर राहतो तसा सूर. विहीणबाईंना फोनवर दोन-चारदा म्हणायला सांगा, आत्याला शेजारी बसवा आणि तिच्याकडून घोकून घ्या. 'कुर्रर्र' म्हणून झाल्यावर मात्र तिने आवाज खाली आणायचा नाही.